बिनपायाची पेटी

तोताराम सुताराने आधी दार मोजलं, मग भिंत मोजली, मग कान खाजवत माझ्याकडं पाहिलं.

"अक्का, दार दोन हात शे. पेटी तू अडीच हात सांगस. उंचीबी अडीच. मंग ती निंघी कशी?"

"निंघाले नको म्हणूनच करी राहिनू," मी म्हटलं. "तू सुतार शेस का वकील?"

माझा धाकटा सुकदेव दारात उभा होता, तो हसला. थोरला मोतीलाल हसला नाही. त्यानं कोपरापासून बोटांपर्यंतचा आपला हात चौकटीला लावून पाहिला, एकदा, दोनदा, आणि वखर खांद्यावर घेऊन शेतात निघून गेला. तो समजला. सुकदेवला समजायला वेळ लागायचा, पण त्याचं काही अडत नसे.

पेटीचा हट्ट माझा होता आणि त्याला कारण होतं. माझा सासरा गेला तेव्हा तेराव्याचं जेवण उरकतं न उरकतं तोच दीर आणि जाऊ यांनी घरातली पेटी चौघांच्या खांद्यावर घालून भर दुपारी बाहेर काढली. आत बियाणं, तांब्याची भांडी, सासूच्या पाटल्या. पंच म्हणाले, पेटी ज्याच्या दारी त्याची. आमच्या वाट्याला जातं आलं. दगडाचं जातं, कारण ते कोणाला उचलावंसं वाटलं नाही. घरधनी खाली मान घालून बसले होते. मी त्या जात्यावर पहिलं दळण घातलं आणि एक गोष्ट शिकले. उचलता येतं ते जातं.

आता घरधनी जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि माझ्याच घरात तेच बोलणं सुरू झालं होतं. मोतीलालची बायको वच्छलाबाई कापूस वेचायला गेली की सगळ्यांच्या मागं राहायची. धाकटीनं, ताईबाईनं, ओटी भरून दोनदा ढिगावर रिकामी केली तरी हिची पहिली ओटी भरलेली नसायची. विचारलं की म्हणायची, "बठ्ठास्नं एकत्र शे ना, मंग कोन किती वेचस, मोजता कसाले?" तिला वेगळं व्हायचं होतं. मोतीलालनं गावाच्या खालच्या अंगाला घरापुरती जागाही बघून ठेवली होती. माझ्याकडं त्यानं एकच मागितलं होतं, गोठ्यातला साग. दारांना.

तो साग घरधन्यांनी राणीच्या राज्यात सातपुड्याच्या पायथ्याहून, यावलच्या अंगानं आणला होता. दोन सोट, टोकाला सरकारी हातोड्याचा शिक्का, पावती गाठीला. बारा उन्हाळे तो गोठ्यात दगडांवर पडून होता. बैल त्याला अंग घासायचे, कोंबड्या त्यावर बसायच्या. वाळून असा झाला होता की वाकसाचा घाव घातला तर घंटेसारखा वाजायचा. मोतीलालनं दारांना मागितला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तोतारामला बोलावणं धाडलं.

तोताराम म्हणाला, "अक्का, मनं बलुतं औतफाट्यानं शे. पेटीनं नही."

"पेटीमा काय ऱ्हाई? पांभरनं बियाणं. मंग औतफाटंच झालं ना?"

तो हसत खाली बसला. शेवटी दोन वेळचं जेवण आणि काम झाल्यावर एक पागोटं, असं ठरलं. त्याचं जेवण म्हणजे सात भाकरी आणि वर मिरचीचा गोळा. वच्छलाबाई थापता थापता पुटपुटायची, "पेटीत काय पडेल ते पडो, तोतारामच्या पोटात आधी भरती होई राहिनी."

सोट चिरायला खड्डा खणला. वरून करवत तोतारामनं धरली, खालून ओढायला माणूस पाहिजे होता. मी मोतीलालला हाक मारली. तो म्हणाला, "माले कापूस भराना शे," आणि गाडी जुंपली. मग सुकदेव खड्ड्यात उतरला. नऊ दिवस तो खाली उभा राहून करवत ओढत होता. तोंडावर, डोळ्यांत, केसांत भुसा. दुपारी वर यायचा तेव्हा हळद लावलेल्या नवरदेवासारखा पिवळा दिसायचा. ताईबाई पदरानं त्याचे डोळे पुसायची आणि मी बघतेय असं दिसलं की पदर सोडून द्यायची. लग्नाला तीनच वर्षं झाली होती त्यांच्या. पोर नव्हतं.

फळ्या चार बोटं जाड निघाल्या. एक एक फळी दोघं जण माजघरात नेत. तिथंच कोपऱ्यात तोतारामनं रंधा मारला, कुसू काढले, ते बसायला खाचा पाडल्या. खिळा एक वापरला नाही. सागाच्याच खुंट्या ठोकल्या. माजघरात पाय ठेवायला जागा उरली नाही, स्वयंपाकात भुसा यायचा, वरणातही लागायचा. मला त्याचा वास गोड लागायचा. इतक्या वर्षांनी घरधन्यांचं काही घरात आलं असं वाटायचं.

बूड बसवायच्या दिवशी तोताराम म्हणाला, "पाय लावसू ना, अक्का? वीतभर. खाले झाडू फिरी."

"पाय नको."

"अगं, उंदीर-घुशी खाले घर करतीन. पेटीले पाय लागतसच."

"पाय लावले की खाली वासा घालता येतो. वासा घातला की चौघांत पेटी हलते. मी दुनिया बघितली आहे, तोताराम."

त्यानं माझ्याकडं, मग मोतीलालकडं पाहिलं. मोतीलाल उंबऱ्यावर बसून वादी वळत होता. त्यानं वर बघितलं नाही. तोतारामनं दोन ओंडके आडवे टाकले आणि पेटी त्यांवर टेकवली. खाली चार बोटांची फट, मागं भिंतीपाशी चार बोटांची. हात जाईल, पण झाडू जाणार नाही.

झाकण बसलं तेव्हा नारळ फोडला. रीत अशी की नव्या पेटीत पहिली मूठ सवाष्णीनं टाकायची. वच्छलाबाई कुंकू लावून, सुपात दादर ज्वारी घेऊन पुढं आली. ही पेटी मी केली, लाकूड माझ्या नवऱ्याचं, आणि पहिली मूठ हिची? मी सूप तिच्या हातातून घेतलं आणि मूठ टाकली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शेजारची शेवंताबाई म्हणाली, "अक्का, रीत शे."

"रीतीनं माझं घर चालवलं असतं तर मी घरी बसले असते," मी म्हटलं.

मग घरातलं सगळं मी त्यात घातलं. सरकी, दादर, तूर, कडुनिंबाचा पाला थरावर थर. भांडी. दोघींचे माहेरचे जिन्नस. ताईबाईनं मुकाट्यानं आपल्या आईनं शिवलेली गोधडी आणून दिली, ती तळाशी गेली. लग्नात आली ती गोधडी, तिच्या आईच्या जुन्या लुगड्यांची, जाड, टाके मुंगीसारखे बारीक. वच्छलाबाई हंडा घेऊन दारात अडली.

"हंडा मनी मायनी दिधेल शे."

"मग पेटीत सुरक्षित राहील. तुझ्या आईला सांग."

"माले पाणी आणाले लागस."

"घागर आहे."

तिनं हंडा जमिनीवर ठेवला आणि पायानं माझ्याकडं लोटला. मी तो उचलून आत घातला. कुलूप लावलं, चावी कमरेला. त्या दिवसापासून गावानं तिला भिकुबाईची पेटी म्हणायला सुरुवात केली. विहिरीवर पोरी एकमेकींना विचारायच्या, "तुना नवराबी पेटीमा घाला का?" मला ऐकू यावं म्हणूनच.

पौष लागला. रतिलाल वाण्याच्या दुकानात गुळाच्या ढेपेमागं उंदीर पडले. मग चावडीत. मग तीन दिवसांत वाण्याची म्हातारी गेली. पाटलानं दवंडी दिली, गाव खाली करा. पिलेग आमच्याकडं आधीही एकदा येऊन गेला होता, लोकांना सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत गाड्याच गाड्या. पाळणे, जाती, कोंबड्या, म्हातारी माणसं. शेतात तुराट्यांची खोपटं उभी राहिली.

मोतीलालनं गाडी दारात लावली आणि आत आला.

"माय, चावी दे. पेटी उघड. ज्यानं त्यानं काढी लेऊ, गाडीत भरू."

ज्यानं त्यानं. एवढाच शब्द माझ्या कानात राहिला. वच्छलाबाई त्याच्या मागं उभी होती, हंड्यासाठी हात मोकळे करून. शेतात दोन खोपटं झाली होती, एक त्यांचं, एक आमचं. पेटीतलं सगळं दोन गाड्यांत, दोन खोपटांत गेलं असतं तर परत एका पेटीत आलं नसतं. पिलेगच्या नावानं वाटणी झाली असती.

"पेटी उघडायची नाही," मी म्हटलं. "महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. खायापुरतं बाहेर आहे."

"चोर येतीन ना."

"पेटी उचलून दाखवा म्हणावं."

"कुऱ्हाड घालतीन!"

"चार बोटं साग आहे. तुला माहीत नाही?"

त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हा हात उचलतो. पण त्यानं फक्त दाराची चौकट थोपटली आणि म्हणाला, "दार बरोबर मोजं तू, माय. बठ्ठं घर अडकाडी ठेवं." आणि गाडी हाकली.

खोपटात जाऊन बारा दिवस झाले तेव्हा बातमी आली की गावात उखर्डूचं बंद घर चोरांनी फोडलं. मी काठी घेतली आणि गावाकडं निघाले. सुकदेव माझ्यामागं पळत आला.

"तू नको जाऊ, माय. मी जास."

मी थांबले. खरं सांगायचं तर मी त्याला लगेच हो म्हटलं. मोतीलालला मी पेटीपाशी एकटं सोडलं नसतं, आणि परक्यालाही नाही. सुकदेवला मी चावी न देता सोडू शकत होते. त्यानं चावी मागितलीही नाही.

मी रोज दुपारी भाकर घेऊन जायची. रिकाम्या गावातून चालताना आपल्याच पावलांचा आवाज यायचा. कुत्री ओळख विसरली होती. सुकदेव पेटीवर बसलेला असायचा, पाय वर घेऊन, मांडी घालून. झोपायचाही तिथंच. म्हणायचा जमिनीवर पिसवा फार चावतात. माझ्यासाठी ओट्यावर यायचा, भाकर घ्यायचा आणि सांगायचा, "जाय आते."

पाचव्या दिवशी आतून वास आला.

"पेटीखाले शे," सुकदेव म्हणाला. "जराशी सरकी असती ना..."

"सरकत नाही म्हणून तर केली. तुराटी घे, ओढून काढ."

मी दारात उभी राहिले. तो जमिनीवर पालथा पडला, गाल भुईला लावून फटीत बघत तुराटी घातली. एक उंदीर निघाला, मग दुसरा. मागच्या भिंतीपाशी तिसरा होता, तिथं काठी वळेना. त्यानं हात घातला, खांद्यापर्यंत, आणि बाहेर काढला तो शेपटीला धरूनच. मला दाखवून हसला.

"हाईबी राखणदारच, माय. बिनभाकरीना."

"फेक तिकडं, मेल्या," मी म्हटलं. मलाही हसू आलं होतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी मी ओट्यावर हाक मारली तर ओ आली नाही. मग तो बाहेर आला, भिंत धरून. सुकदेव उंच होता. त्या दारातून जाताना तो मिसरूड फुटल्यापासून वाकायचा, न बघता, आपसूक. त्या दिवशी वाकला नाही. कपाळ चौकटीवर आपटलं, रक्त आलं, आणि त्याला कळलंच नाही. शेतापर्यंत तो चालत आला. अर्ध्या वाटेत एक पाय लांब टाकायला लागला. मी विचारलं नाही. जांघेत गाठ असली की माणूस तसाच चालतो, हे त्या वर्षी पोरांनाही ठाऊक झालं होतं.

बांधाच्या पलीकडं वेगळं खोपट केलं. ताईबाई आत बसली, बाहेर यायला तयार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला हुडहुडी भरली. दात वाजत होते. घरचं होतं नव्हतं ते पांघरूण घातलं, एक घोंगडी, दोन लुगडी.

"माले थंडी वाजी राहिनी," तो म्हणत होता. "खड्डामा थंडी शे. वर काढा." त्याला वाटत होतं तो अजून करवतीखाली उभा आहे.

ताईबाई खोपटाच्या दारात आली. माझ्याशी ती कधी नजर देऊन बोलली नव्हती. "आत्याबाई, मनी गोधडी. पेटीमा शे ती."

मोतीलाल बांधावर उभा होता. त्यानं हात पुढं केला. "चावी दे, माय. मी आणस. आते पळत जास."

माझा हात कमरेला गेला. चावी अंगाच्या उबेनं गरम होती. मी म्हटलं, "गोधडी तळाशी आहे. सगळं उपसावं लागेल. तू त्या घरात जाऊ नको, एक आजारी पडला तेवढा पुरे."

हे खरं होतं. पण सगळं खरं नव्हतं. सगळं खरं मोतीलालला कळलं. त्यानं पुढं केलेला हात थोडा वेळ तसाच ठेवला, मग धोतराला पुसला, जसा काही माझ्या हातातून काही घेऊन मळला होता. खळ्यावर जाऊन त्यानं कापसाची दोन गोणपाटं आणली. ती आम्ही सुकदेवच्या अंगावर घातली. त्याला ती टोचत होती. तो हातानं काढायचा, ताईबाई परत घालायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

जाळायला लाकूड नव्हतं. गावात तेव्हा रोज जळण लागत होतं. बाभळीच्या चार फांद्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भारा. पऱ्हाट्या भडकन पेटतात आणि भडकन विझतात. मोतीलाल पुन्हा पुन्हा शेतात जाऊन भारे आणत होता. तिसऱ्या खेपेला तो माझ्याजवळून गेला आणि न थांबता म्हणाला, "घरमा एवढा साग शे आपला." त्यावर पुढं कधी बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून दिल्या असत्या.

होळीच्या सुमाराला गाव परत भरलं. सरकारी माणसं आली, घरांच्या मातीच्या धाब्यांना भोकं पाडून ऊन आत सोडलं, भुई खणली, चुना टाकला. आमच्या माजघरात सहा जणांनी पेटीला खांदे लावले. ती तसूभर हलली नाही. मुकादम घाम पुसत म्हणाला, "बाई, ही कोणी केली?" मी म्हटलं, "मी." त्यांनी फटीतून चुन्याचं पाणी ओतलं आणि गेले.

गुढीपाडव्यानंतर पंच बसले. जमीन दोन ठिकाणी झाली. मोतीलालनं घरातलं काही मागितलं नाही. पंचच म्हणाले, बियाण्यात, भांड्यांत त्याचा भाग आहे. मी पेटी उघडली. वाकून मूठभर दादर काढली, तळहातावर पसरली. मोत्यासारखी. एक दाणा किडलेला नव्हता. पंचांतला म्हातारा ती हातावर खेळवत म्हणाला, "अक्का, पेटी मात्र पेटी शे."

वच्छलाबाईनं आपला हंडा उचलला, काखेत घेतला, आणि विहिरीकडं गेली. तिच्या नव्या घराची बाभळीच्या फळ्यांची दारं अजून मला गल्लीतून दिसतात. उन्हाळ्यात तडकतात, पावसाळ्यात फुगतात. मी तोतारामला नंतर बोलावलं होतं. म्हटलं, पेटी सोडव, फळ्या मोकळ्या कर, त्यांच्या दारांना देऊ. तो पेटीभोवती फिरला, कोपऱ्यांवर बोट फिरवलं. "कुसू आते निंघत नही, अक्का. धरी लिधं एकमेकास्ले. करवतच लावा लागी. अन् खाले ओढाले कोन शे?" पागोटं त्यानं अजून नेलेलं नव्हतं. त्या दिवशी मी देत होते, तर म्हणाला, राहू दे.

चैत्र संपता संपता ताईबाईचा बाप हिलाल गाडी घेऊन आला. ओट्यावर बसला नाही, पाणी प्यायला नाही. ताईबाई आत आली आणि पेटीपाशी उभी राहिली. कपाळ पांढरं, हातात बांगडी नाही. मी कुलूप काढलं, झाकण वर केलं. बियाणं मोतीलालकडं आणि माझ्या वाटेकऱ्याकडं गेलं होतं, भांडी वाटून झाली होती. तळाशी फक्त गोधडी होती.

तिचा हात पोचेना. ती काठावर पोट टेकवून आत वाकली, पाय जमिनीवरून सुटले. मी तिला धरायला हात पुढं केला आणि तिला हात लागण्याआधी मागं घेतला. ती गोधडी घेऊन वर आली. झटकली. कडुनिंबाचा वाळला पाला पडला. गोधडीला सागाचा नवा वास अजून येत होता. मीही बघितलं, एक टाका कुरतडलेला नव्हता.

"आणखी काय पाहिजे?" मी विचारलं. "घागर ने. जोडवी आहेत माझ्याकडं..."

"माले कायबी नको."

गोधडीची घडी घालून तिनं छातीशी धरली. मी झाकण लावलं, कडी सरकवली. हात आपसूक कुलपाकडं गेला.

ती दाराशी वळली. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं.

"आते कुलूप कसाले, आत्याबाई?"

बाहेर हिलालनं बैलांना हाक दिली. ताईबाई दारातून गेली. ती बुटकी होती, तिला वाकावं लागलं नाही.

गाडीचा आवाज मोडावर गेला. मी रिकाम्या पेटीचं कुलूप ओढून बघितलं, लागलं होतं. चावी कमरेला खोवली.